लॉनचा एक झोन बंदच होत नाही: गाडलेला व्हॉल्व्ह शोधण्यापासून डायफ्राम धुण्यापर्यंत

कंट्रोलर (ठरल्या वेळी प्रत्येक झोनचा, म्हणजे हेडांच्या एकेका गटाचा, व्हॉल्व्ह उघडणारा विजेचा डबा) बंद आहे, पाणी द्यायची वेळ केव्हाच टळून गेली आहे, आणि तरीही ड्राइव्हवेलगतच्या दोन स्प्रिंकलर हेडमधून पाणी झिरपतंय. मागच्या उन्हाळ्यात माणूस बोलावून व्हॉल्व्ह बदलून घेतला होता, यंदा पुन्हा तेच. आणि हा त्रास ज्यांना पहिल्यांदाच होतोय त्यांची अडचण आणखी मोठी: व्हॉल्व्ह आहे कुठे हेच माहीत नाही, कारण आधीच्या मालकाने झाकणावर नवी हिरवळ अंथरून घर विकलेलं असतं.

खालची सगळी माहिती अमेरिकेतल्या घरगुती लॉनची यंत्रणा धरून आहे. पुण्या-नाशिककडच्या फार्महाउसवर बसवतात ते व्हॉल्व्ह याच जातीचे असतात, पण तिथल्या भानगडी थोड्या वेगळ्या. त्या शेवटी घेतल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. हे व्हॉल्व्ह मोडतात कमी आणि तुंबतात जास्त. नवा व्हॉल्व्ह बसवून दुखणं वर्षभर थांबतं, कारण नवा व्हॉल्व्ह स्वच्छ असतो. घाण येण्याचं कारण तसंच राहिलं की तोही त्याच वाटेने जातो.

पाणी तोडा, मग विचार करा

झोन थांबत नसेल तर कंट्रोलरची बटणं दाबत बसू नका. बॅकफ्लो प्रिव्हेंटर (लॉनचं पाणी पिण्याच्या पाण्यात उलट जाऊ न देणारा जोड) शोधा: घराच्या बाहेरच्या भिंतीजवळ जमिनीतून वर आलेला, दोन चाव्या असलेला पितळी जोड. चावी पाइपला आडवी केली की पाणी बंद. कडक थंडीच्या राज्यांत आणखी एक बंद करायची चावी बहुधा तळघरात, मुख्य पाइपला फाटा फुटतो तिथे असते. टेक्सास-कॅलिफोर्नियाकडे ती अनेकदा पाण्याच्या मीटरजवळच्या खोक्यात सापडते. बॅकफ्लोच्या चाव्या उघडबंद करायला हरकत नाही, पण तो खोलू नका. अनेक गावांत त्याची दर वर्षी प्रमाणित माणसाकडून तपासणी लागते.

आता गळती खरंच व्हॉल्व्हची आहे का ते पाहा. झोन चालवून बंद करा आणि सगळ्यात खालच्या पातळीवरच्या हेडकडे लक्ष ठेवा. पाच-पंधरा मिनिटं पाणी येऊन थांबलं, तर पाइपात उरलेलं पाणी उताराने बाहेर पडतंय एवढंच. व्हॉल्व्ह निर्दोष आहे. त्या हेडच्या जागी चेक व्हॉल्व्हवालं, म्हणजे उताराचं पाणी आतच अडवणारं, हेड बसवा. तासाभरानंतरही थेंब थांबत नसतील तर पाणी व्हॉल्व्हमधूनच येतंय.

दुसरी परीक्षा आणखी सोपी. झोन जोरात चालू असताना कंट्रोलरवरून त्या झोनची वायर काढा. वायर काढताच मिनिटाभरात झोन थांबला, तर दोष कंट्रोलरचा किंवा त्यात भरलेल्या वेळापत्रकाचा. प्रोग्रॅम ए, बी, सी अशा तिन्हींत वेगवेगळ्या सुरू होण्याच्या वेळा राहून गेलेल्या असतात आणि एक संपला की दुसरा सुरू होतो. व्हॉल्व्ह अडकलाय म्हणून जमीन खणल्यावर हे कळलं की फार वाईट वाटतं. वायर काढूनही पाणी वाहत राहिलं, तरच व्हॉल्व्हच्या मागे लागा.

खोदण्याआधी मीटर लावा

साधा मल्टिमीटर पुरे. कंट्रोलरची वीज काढा. झोनची वायर आणि कॉमन वायर (सगळ्या झोनची सामाईक, बहुधा पांढरी, 'सी' किंवा 'कॉम' लिहिलेल्या टर्मिनलवरची) दोन्ही सुट्या करा आणि त्यांच्यामधला रोध ओहममध्ये मोजा.

२० ते ६० ओहमच्या आत आकडा आला तर वायर धड आहे आणि टोकाला सॉलेनॉइड (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची गुंडाळी) जिवंत आहे. मीटर अनंत दाखवत असेल तर वायर तुटली आहे, जोड सुटला आहे किंवा आतली गुंडाळी जळली आहे. आकडा १० च्या खाली असेल तर कुठेतरी शॉर्ट. असा झोन लावला की कंट्रोलर चूक दाखवतो किंवा फ्यूज उडतो. सगळेच झोन अनंत दाखवत असतील तर सगळे सॉलेनॉइड एकदम मेलेले नसतात, कॉमन वायर तुटलेली असते. बहुतेकदा कुंपण किंवा झाड लावताना फावडं लागून.

इतर झोन २६-२८ दाखवताहेत आणि एकच १३-१४ दाखवतोय, असं दिसलं तर थांबा. त्या टर्मिनलवर समांतर जोडलेले दोन व्हॉल्व्ह असण्याची शक्यता दाट आहे. म्हणजे शोधायचेही दोन आहेत. टर्मिनलमध्ये दोन वायरी खुपसलेल्या दिसल्या की खात्री पटते, पण पुष्कळदा तो जोड जमिनीखालीच केलेला असतो.

सगळे आकडे कागदावर उतरवून ठेवा.

आता व्हॉल्व्ह कुठे आहे

खणायच्या किमान दोन-तीन कामाचे दिवस आधी ८११ ला (अमेरिकेत खोदण्याआधी कळवायचा फोन नंबर) कळवा. गॅस, वीज, टेलिफोनच्या सार्वजनिक लाइनी फुकट रंगवून मिळतात: पिवळा गॅसचा, लाल विजेचा, नारिंगी टेलिफोन-केबलचा, निळा पिण्याच्या पाण्याचा. तुमच्या स्वतःच्या स्प्रिंकलरच्या लाइनी मात्र ते दाखवत नाहीत.

सुरुवात डोळ्यांनी करा. पाणी बॅकफ्लोपासून निघतं, तेव्हा पहिला संशय तिथून सगळ्यात जवळच्या झोनकडे जाणाऱ्या सरळ रेषेवर. घर बांधतानाच नीट बसवलेली यंत्रणा असेल तर तीन-चार व्हॉल्व्ह एका आयताकृती हिरव्या झाकणाच्या खोक्यात ओळीने असतात. एकट्या व्हॉल्व्हचं झाकण गोल, सहा किंवा दहा इंचांचं. झुडपांच्या बुंध्याशी, मल्चच्या (झाडांभोवती पसरलेल्या लाकडाच्या भुशाच्या) थराखाली, ड्राइव्हवेच्या कोपऱ्यात, नंतर बांधलेल्या लाकडी डेकच्या खाली बघा. हिरवळीत आयताकृती खळगा दिसणं किंवा उन्हाळ्यात एकाच चौकोनात गवत लवकर पिवळं पडणं ही चांगली खूण: झाकणावर माती जेमतेम दोन इंच असते, मुळांना जागाच नसते. उलट एकाच जागी गवत नेहमीच गडद आणि जमीन मऊ असेल, तर खाली गळका व्हॉल्व्ह बसलेला असू शकतो.

मग कानाने. पहाटे, रहदारी नसताना एकाने कंट्रोलरवर झोन चालू-बंद करावा आणि दुसऱ्याने संशयित जागी कान लावावा. सॉलेनॉइडचा 'टक्' आणि पाठोपाठ पाण्याची सूंऽ ऐकू येते. पाणी बंद ठेवून नुसतं चालू-बंद केलं तर तो 'टक्' जास्त स्पष्ट कळतो.

टोचून पाहायचं असेल तर जमीन आदल्या दिवशी भिजवा आणि लांब, बोथट स्क्रू-ड्रायव्हर हळू आत सारा. प्लॅस्टिकच्या झाकणावर पोकळ आवाज येतो, दगडावर ठणठणीत. पहार वापरू नका. पॉलिथिनचे पाइप कधी सहा इंचांवरच असतात, आणि वायरी त्याहून वर.

इतकं करूनही सापडला नाही तर वायर-लोकेटर, म्हणजे जमिनीखालची वायर शोधणारं यंत्र, भाड्याने आणा. अवजारं भाड्याने देणाऱ्या दुकानांत मिळतो. त्याचा उपयोग करताना लोक एकच चूक करतात: कॉमन वायर कंट्रोलरला जोडलेलीच ठेवतात. मग सिग्नल सगळ्या वायरींतून पसरतो आणि कांडी (सिग्नल पकडणारा हातातला भाग) अंगणभर वाजत राहते. कॉमन आणि झोनची वायर दोन्ही काढा. ट्रान्समीटरचा लाल चिमटा झोनच्या वायरला, काळा चिमटा ओल्या मातीत खुपसलेल्या लोखंडी खुंटीला. खुंटी वायरी जातात त्याच्या विरुद्ध बाजूला ठोका. कांडी घेऊन भिंतीपासून चालत निघा. वायरीच्या डोक्यावर आवाज ठरावीक पद्धतीने चढतो-उतरतो. व्हॉल्व्हजवळ तो एकाएकी मोठा आणि पसरट होतो, कारण तिथे तांब्याची अख्खी गुंडाळी आहे, आणि पलीकडे पाऊल टाकताच पडतो. तिथे खुरप्याने उकरा. मध्येच आवाज विरून गेला तर व्हॉल्व्ह नव्हे, तुटलेली वायर सापडली. तेही मोठंच काम झालं.

खोकं मिळालं की लगेच घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासूनची अंतरं टेपने मोजा. दोन अंतरं असली की जागा पुन्हा बिनचूक सापडते. एकच असेल तर पुन्हा अर्धवर्तुळात खणत बसाल. झाकण जमिनीच्या पातळीला आणायला खोक्याचा वाढीव तुकडा वेगळा मिळतो.

आत नेमकं काय घडतं

गावाकडे शेतात आपण 'वॉल' फिरवतो तेव्हा हाताची ताकद पाणी अडवते. इथे सॉलेनॉइड पाणी अडवत नाही. एवढ्याशा विजेत ते शक्यच नाही. पाणी स्वतःच स्वतःला अडवून धरतं.

मध्ये रबराचा डायफ्राम असतो. येणारं पाणी त्याला खालून ढकलतं. डायफ्राममध्ये, किंवा काही बनावटींत टोपणात, सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. त्यातून थोडं पाणी वरच्या कप्प्यात जातं आणि दोन्हीकडे दाब सारखा होतो. पण वरून दाब डायफ्रामच्या पूर्ण क्षेत्रावर पडतो, खालून फक्त बैठकीच्या (डायफ्राम ज्या कडेवर टेकतो तिच्या) आतल्या लहान वर्तुळावर. त्यात वरून स्प्रिंग. म्हणून व्हॉल्व्ह मुळातच बंद राहतो. २४ व्होल्टचा प्रवाह आला की सॉलेनॉइडमधला दट्ट्या वर उचलला जातो आणि वरच्या कप्प्यातल्या पाण्याला पलीकडे निसटायला वाट मिळते. ती वाट सुईच्या भोकापेक्षा मोठी असल्याने कप्पा भरण्यापेक्षा लवकर रिकामा होतो, डायफ्राम उचलला जातो, झोन चालू. कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी घेणारा व्हॉल्व्हही असाच चालतो.

हे एकदा डोक्यात बसलं की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. सुईचं भोक तुंबलं तर वरचा कप्पा भरत नाही, म्हणून झोन बंद होत नाही. सॉलेनॉइडखालची वाट तुंबली तर कप्पा रिकामा होत नाही, म्हणून उघडत नाही. दट्ट्याच्या टोकाशी वाळूचा एक कण अडकला तर वाट पूर्ण मिटत नाही, म्हणून हेड रडत राहतात. बैठकीवर खडा बसला तरी तेच. व्हॉल्व्ह बाणाच्या उलट दिशेने बसवला असेल तर हिशेबच उलटतो आणि तो धड बंद होत नाही. 'बदलल्या दिवसापासूनच' असं कुणी म्हणालं की आधी बाण बघा.

झोन उघडतच नसेल तर सॉलेनॉइड डावीकडे पाव ते अर्धा वळसा सैल करा. पाणी सुरू झालं, तर डायफ्राम ठीक आहे आणि दोष विजेचा. तेव्हा झोन चालू ठेवून कंट्रोलरपाशी एसी व्होल्ट मोजा. २४ ते २८ हवेत. मग व्हॉल्व्हपाशी मोजा. तिथे १९-२० च्या खाली आलं तर मधला एखादा जोड सडला आहे. सैल करूनही पाणी आलं नाही, तर वरची फ्लो-कंट्रोलची (प्रवाह कमी-जास्त करायची) मूठ कुणी पूर्ण आवळून ठेवली आहे का ते पाहा. माळ्यांचा हात तिथे हमखास जातो.

फसवणारा एक प्रकार वेगळा सांगायला हवा. झोन ३ एरवी कोरडा असतो, पण कुठलाही दुसरा झोन लावला की ३ ची हेडंही अर्धवट वर येतात. लोक कंट्रोलर बदलतात. खरं कारण: यंत्रणेत मास्टर व्हॉल्व्ह आहे (कंट्रोलरवर 'एमव्ही' टर्मिनलला वायर दिसेल) आणि झोन ३ चा व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. एरवी मास्टर पाणी अडवतो म्हणून गळती झाकली जाते. कोणताही झोन लागला की मास्टर उघडतो आणि ३ ला पाणी मिळतं.

उघडून धुणं

पहिलं काम व्हॉल्व्ह उघडायचं नाही, खोकं साफ करायचं. चिखल कपाने उपसा, टोपणाच्या खाली चार इंच मोकळी जागा करा, टोपण ब्रशने धुवा. हे टाळलं की स्क्रू काढताक्षणी चिखल आत पडतो, आणि आठवड्याने 'पुन्हा तेच' सुरू होतं.

पाणी बंद करा आणि ब्लीड स्क्रू (टोपणावरचा, हाताने दाब सोडायचा छोटा स्क्रू) सैल करून दाब सोडा. वायरींचा फोटो घ्या. टोपणाचे स्क्रू समोरासमोरचे असे थोडे थोडे सैल करा. शेवटी स्प्रिंग वर येईल, तिची रुंद बाजू कुठे होती ते लक्षात ठेवा. काही व्हॉल्व्हना स्क्रू नसतात, बरणीसारखं मोठं कडं फिरवून निघतं.

डायफ्राम उजेडासमोर धरून ताणा. चीर, फुगवटा किंवा बैठकीच्या जागी खोल वर्तुळाकार घळ दिसली तर बदला. नसेल तर स्वच्छ पाण्याने धुवा. सुईचं भोक बारीक तारेने मोकळं करा, पण मोठं करू नका. भोक मोठं झालं की वरचा कप्पा भरण्याचं आणि रिकामं होण्याचं गणित बिघडतं आणि झोन उघडायला कुरकुरतो. सॉलेनॉइड काढून दट्ट्या बोटाने दाबा, तो सहज आत-बाहेर झाला पाहिजे. त्याखालची ओ-रिंग खोक्यात पडून हरवते, ती आधी शोधा.

आता बहुतेक जण जे करत नाहीत ते करा. टोपण उघडं असतानाच मुख्य चावी अगदी हळू, पाच-दहा सेकंद उघडा. पाइपातली वाळू आणि पीव्हीसीचा भुसा उसळून बाहेर येईल. खोकं भरेल, उपसून घ्या, बैठक बोटाने पुसून बघा. ही धुलाई न करता नवा डायफ्राम टाकणं म्हणजे चाळणी न लावता पीठ मळणं.

परत बसवताना स्क्रू आडवे-तिडवे, नुसते घट्ट होईपर्यंत. सॉलेनॉइड फक्त हाताने, पक्कड नको. रबराला व्हॅसलीन लावू नका, ते फुगतं. मुख्य चावी हळू उघडा. झोन थोडा वेळ चालेल आणि कप्पा भरला की आपोआप थांबेल. मिनिटाभरातही थांबला नाही तर ब्लीड स्क्रू उघडा राहिलाय का ते आधी पाहा.

बॉडीला तडा नसेल पण वरचं सगळंच जुनं झालं असेल, तर त्याच कंपनीचा तोच मॉडेल नवा आणा आणि फक्त वरचा अर्धा भाग, म्हणजे टोपण, स्प्रिंग, डायफ्राम, सॉलेनॉइड, जुन्या बॉडीवर चढवा. एक इंची साधा व्हॉल्व्ह साधारण १५ ते २५ डॉलरला मिळतो, आणि पाइप कापून चिकटवायचं काम वाचतं. मॉडेल नंबर टोपणावर कोरलेला असतो.

तोच व्हॉल्व्ह पुन्हा का बिघडतो

वरच्या धुलाईत काय निघालं ते बघून ठेवा. पांढरा भुसा निघाला तर कुणीतरी अलीकडे पाइप कापून जोडलाय. एकदा नीट धुतलं की संपलं. बारीक वाळू निघाली आणि पाणी विहिरीचं असेल, तर ती येतच राहणार. बॅकफ्लोच्या पुढे १०० मेशच्या (इंचाला १०० भोकांच्या) आसपासचा जाळीचा फिल्टर बसवा. तांबूस गाळ असेल तर गावाच्या जुन्या लोखंडी लाइनीकडे बोट जातं. फिल्टर तिथेही लागेल.

सॉलेनॉइडच वारंवार जात असतील तर जोड उघडून पाहा. घरातल्या विजेचे साधे टोपीवाले जोड किंवा काळी टेप असेल तर पाणी आत शिरणारच. ग्रीस भरलेले जलरोधक जोड वापरा आणि वायरीचं दोन-तीन फुटांचं वेटोळं खोक्यात ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी जोड वर काढता येतो. खोक्याच्या तळाशी तीन-चार इंच खडी घाला.

टोपणालाच तडे जात असतील तर कारण हिवाळा: आत उरलेलं पाणी गोठून फुगतं, म्हणून थंडीआधी ते हवेने बाहेर काढतात. कंप्रेसरने पाणी उडवताना हवेचा दाब पॉलिथिनच्या पाइपांना ५० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि पीव्हीसीला ८० पीएसआयच्या वर जाता कामा नये. आणि हवा बॅकफ्लोच्या पुढे सोडायची, त्याच्यातून नाही.

महाराष्ट्रातल्या लॉनवर

दोन मजली बंगल्याच्या गच्चीवरच्या टाकीतून व्हॉल्व्हला पाणी दिलं की तो नीट बंद होत नाही, अशी तक्रार असते. हिशेब करा: १० मीटर उंचीला जेमतेम १४ पीएसआय दाब मिळतो, टाकी ७ मीटरवर असेल तर १०. हे व्हॉल्व्ह साधारण २० पीएसआयपासून पुढे चालण्यासाठी केलेले असतात. दाबाचा पंप लावल्याशिवाय कितीही व्हॉल्व्ह बदला, डायफ्राम बैठकीवर घट्ट बसणार नाही.

बोअरच्या पाण्यात घाण म्हणजे क्षार. सुईचं भोक पांढऱ्या थराने बुजतं. डायफ्राम आणि टोपण अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा, मग धुवा. तारेने टोकरण्यापेक्षा हे बरं.

आणि कंट्रोलर बिघडला म्हणून आरओ फिल्टरचा पडून असलेला २४ व्होल्टचा ॲडाप्टर लावून पाहण्याचा मोह टाळा. तो डीसी आहे. एसीवर गुंडाळीचा स्वतःचा विरोध प्रवाह पाव अँपिअरच्या आसपास रोखून धरतो. डीसीवर तो विरोध नसतो, ३० ओहमच्या गुंडाळीतून ०.८ अँपिअर जातो, म्हणजे १९ वॅट उष्णता अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकमध्ये. थोड्या वेळात सॉलेनॉइड हाताला चटका देतो आणि नंतर मीटर अनंत दाखवतो.

झोन सुरळीत झाल्यावर सगळ्या झोनचा रोध पुन्हा एकदा मोजा आणि कोपऱ्यांपासूनच्या दोन-दोन अंतरांसह तो कागद कंट्रोलरच्या दाराच्या आत चिकटवा. पुढच्या वर्षी २७ चा ४१ झालेला दिसला, तर त्या झोनचा जोड सडायला लागलाय. व्हॉल्व्ह उघडण्याआधी तोच कापून नवा करा.